दुसऱ्या बाजूची धार

श्रावण लागला की माझ्या दुकानात माशा मारत बसायची वेळ येते. रिसोडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं छोटं सलून आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, आणि श्रावणात त्या आरशात दिवसभर मी एकटाच. आता श्रावण कोण पाळतो, असं शहरातले लोक म्हणतात, पण आमच्याकडे पाळणारे अजून आहेत, मीही त्यातलाच. सोयाबीन गुडघ्याच्या वर गेलेलं असतं, फवारणीची घाई असते, आणि बाजाराला आलेली माणसं वाढलेली दाढी खाजवत दारात थांबतात, आत डोकावतात आणि सांगतात, "पोळा झाला का येतो ना भाऊ." यंदाही परवा पहिला माणूस तसं सांगून गेला. एरवी मी त्याला दोन शब्द ऐकवले असते. परवा मात्र मी नुसती मान हलवून आरशाकडे वळलो. मागच्या वर्षीचा सगळा श्रावण एकदम अंगावर आला.

मी रिठदचा, राहतोही तिथेच. रोज मोटारसायकलनं जाऊन-येऊन धंदा करतो. बाबा, म्हणजे माझे वडील, गावचे न्हावी. त्यांना दुकान कधी नव्हतं. काखेत धोकटी, धोकटीत वस्तरे, कात्री, नखं काढायची नराणी आणि पाण्याची वाटी. माणूस जिथे बसेल तिथे त्यांचं दुकान. वर्षभर हे चालायचं आणि श्रावणात बंद. मग बाबा ओसरीत गोणपाट टाकून बसायचे आणि धोकटीतले सगळे वस्तरे बाहेर काढायचे. वर्षभर चामड्याच्या पट्ट्यावर घाईघाईत परजून वापरलेले, दमलेले वस्तरे. त्यांची खरी धार व्हायची ती श्रावणात.

दगड दोन होते. एक काळा, खरबरीत. दुसरा पिवळसर, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, मधोमध झिजून खोलगट झालेला. त्याला बाबा सिल्ली म्हणत. पागोळीखाली वाटी धरायची, चार थेंब सिल्लीवर सोडायचे आणि पातं अगदी सपाट टेकवायचं. पाठही दगडाला, धारही दगडाला. मग धारेच्या अंगानं पुढे रेटायचं. टोकाला पोचलं की पातं पाठीवर उलटायचं, धारेवर कधीच नाही, आणि दुसऱ्या बाजूनं परत आणायचं. उलटताना बारीकसा टक् व्हायचा. सर्रर, टक्, सर्रर, टक्. माझा लहानपणचा श्रावण म्हणजे हा आवाज. पाऊस त्याच्या मागे कुठेतरी पडत असायचा.

"दोन्ही अंगानं सारखं पायजे," बाबा सांगायचे. "एकाच अंगानं घासलं तं धार दुमडते. मंग मानसाचा गाल ओरबडते ते."

सगळ्या वस्तऱ्यांत एक अगदी लहान होता, पातं माझ्या करंगळीएवढं. बाळांची जावळं काढायचा. त्याला बाबा सगळ्यात शेवटी घ्यायचे आणि त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवायचे. बाळाच्या टाळूवर फिरणारी वस्तू, तिथे हयगय चालत नाही. माझं जावळही त्यानंच निघालं होतं.

श्रावणभर गाव दाढीत बुडून जायचं. मला याची गंमत वाटायची आणि थोडी भीतीही. रोजचे काका-मामा समोरून आले तरी मी आईच्या मागे लपायचो. पोळ्याच्या संध्याकाळी बैल सजायचे, तोरणाखाली झडत्या म्हटल्या जायच्या, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच आमच्या दारच्या निंबाखाली लाइन लागायची. बाबा प्रत्येकाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायचे, एकवार नीट पाहायचे आणि वस्तरा चालवायचे. दाढीखालून एकेक ओळखीचं तोंड वर यायचं. "घे, सापडला तुहा काका," बाबा मला म्हणायचे. मला खरंच वाटायचं, ही सगळी माणसं हरवली होती आणि बाबांनी ती शोधून काढली.

दाढी झाली की वस्तरा मिशीपाशी येऊन थांबायचा. तिला हात लावायच्या आधी बाबा विचारायचे, "घरी बाप हाय ना?" आमच्याकडे बाप गेला की मिशी उतरवतात. बाप जिवंत असताना उतरवली तर तो अपशकुन. गिऱ्हाईक गावातलंच असायचं, त्याच्या बापाची दाढी घटकाभरापूर्वी त्याच निंबाखाली झालेली असायची, तरी बाबा विचारणारच. लोक चिडवायचे, "आत्ता तं तुमच्या हातातून उठून गेला ना माहा बाप, किसनभाऊ!" बाबा म्हणायचे, "गेला असन. इचारनं माहं काम हाय." समोरच्यानं "हाय" म्हटल्याशिवाय हात पुढे सरकायचा नाही.

माझ्या दुकानात हे कोणी विचारत नाही. कॉलेजातली पोरं येतात, मोबाइलवर फोटो दाखवतात, मिशी उडवून जातात. मीही उडवतो. वस्तराही आता तो राहिला नाही. नुसती मूठ असते, तिच्यात अर्धं ब्लेड अडकवायचं आणि माणूस उठला की फेकून द्यायचं. रोगराईच्या दृष्टीनं बरंच आहे ते. धार लावायचा प्रश्नच मिटला.

बाबांचं विसरणं आम्ही आधी हसण्यावारी नेलं. चष्मा कुठे ठेवला, जेवण झालं का, असलं काहीबाही. मग आई गेल्याचं ते विसरले आणि रोज तिची वाट पाहू लागले. तेव्हा हसणं बंद झालं. वाशीमला दाखवलं, अकोल्याला नेलं, डोक्याचे फोटो काढले. अकोल्याचा डॉक्टर चांगला होता, त्यानं खोटी आशा लावली नाही. गेलेलं परत येत नाही, म्हणाला. येताना मालेगावला गाडी थांबली. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. मग माझ्याकडे वळून अदबीनं म्हणाले, "भाऊ, रिठद आलं का सांगजा. घरी पोट्टं वाट पाहून राह्यलं असन माहं."

ते पोट्टं मी. "सांगतो ना," म्हटलं आणि तोंड दुसरीकडे केलं. पंचेचाळिशीतला माणूस भर गाडीत रडताना बरा दिसत नाही.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात एके सकाळी त्यांनी माळ्यावरची धोकटी मागितली. ओसरीत गोणपाट टाकलं, सिल्ली पुढे ओढली, वस्तरे काढले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. माझी बायको रेखा त्यांना म्हणाली, "काय करून राह्यले बाबा?"

"श्रावण हाय ना माय," बाबा म्हणाले. "कोनी येत नाई. तवरिक धार करून ठेवतो."

त्या दिवसापासून बाबांचा श्रावण संपलाच नाही. आणि खरं सांगतो, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. इतके दिवस ते दारात उभे राहून विचारायचे, लोक काहून येत नाहीत, माझं काय चुकलं. आता त्यांना उत्तर सापडलं होतं. लोक येत नाहीत कारण श्रावण आहे. पोळा झाला की येतील. रेखाला मात्र वस्तऱ्यांची धास्ती होती. तिनं मोठे सगळे उचलून पत्र्याच्या पेटीत घातले. जावळाचा तेवढा राहू दिला. "हा बारका राहू द्या त्यांच्यापाशी," म्हणाली. "हातच रिकामा केला तं मानूस कायले जगन?"

खरा श्रावण आला तेव्हा माझ्या लक्षात एक गोष्ट आली. दुकानात काम नसल्यामुळे मी दुपारीच घरी यायचो. ओसरीतून आवाज यायचा, पण तो वेगळा होता. सर्रर. मग शांतता. मग पुन्हा सर्रर. मधला टक् गेला होता. मी जवळ जाऊन बसलो. बाबा पातं पुढे रेटत होते, टोकाला नेत होते, उचलून परत मागे ठेवत होते आणि त्याच बाजूनं पुन्हा रेटत होते. उलटायचं ते विसरले होते. साठ वर्षं जे मनगट आपसूक फिरत होतं, ते फिरायचं थांबलं होतं.

धार कशी येणार? दुमडत होती ती दुसरीकडे. बाबा अंगठा आडवा फिरवून बघायचे आणि त्यांचं तोंड पडायचं. "येऊन नाई राह्यली," म्हणायचे. पुन्हा घासायचे. पुन्हा बघायचे. दिवस कलायला लागला की त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागायचं. "पोळा आला तोंडावर. मानसं येतीन. काय करू मी?" त्यांचा हात धरून मी मनगट फिरवून दाखवलं, एकदा नाही, अनेकदा. माझ्या हातात असेपर्यंत फिरायचं. सोडलं की गेलं. एकदा मी ओरडलोही त्यांच्यावर. ते घाबरून सिल्ली छातीशी धरून बसले. त्यानंतर ओरडलो नाही.

मग मी एक केलं. दुपारी जेवून बाबा कलंडायचे, तेव्हा मी ओसरीत त्यांच्या गोणपाटावर बसायचो आणि तो वस्तरा घ्यायचो. सकाळभर त्यांनी एक बाजू घासलेली असायची. मी फक्त दुसरी घासायचो. तेवढीच, अंदाजानं, जास्त नाही. मग पट्ट्यावर परजायचो आणि होता तसा ठेवून द्यायचो. बाबा उठायचे, वस्तरा उचलायचे, अंगठा फिरवायचे, आणि त्यांचं तोंड उजळायचं. "आली! पाय माय, आली धार!" रेखाला हाक मारून दाखवायचे. सकाळी सगळं विसरून पुन्हा पहिल्यापासून.

एका वस्तऱ्याला आम्ही दोघं धार लावत होतो. एकत्र कधीच नाही. लहानपणी त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं, तेव्हा मला कंटाळा यायचा. आता त्यांच्याजवळ बसायला मी तडफडत होतो आणि माझी पाळी यायची ती ते झोपल्यावर.

आणि पातं झिजत होतं. मुळात करंगळीएवढं, त्यात रोज दोन्हीकडून घासणं. मला दिसत होतं सगळं. धार नाही आली तर बाबा रडतात. धार आणावी तर वस्तरा संपतो. वस्तरा संपला की बाबांच्या हाताला काही उरत नाही. यातून वाट कुठे होती? मला काही ती सापडली नाही. मी रोज दुपारी घासत राहिलो.

खरं दुखणं निराळं होतं. त्यांनी मला ओळखावं, एवढंच मला पाहिजे होतं. एकदा. संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून मी विचारायचो, "बाबा, मी कोन?" कधी ते म्हणायचे, तलाठी. कधी म्हणायचे, तुमी दवाखान्यातले ना. कधी नुसतेच हसायचे, आपल्याला उत्तर येत नाही हे कळल्यावर माणूस हसतो तसं. तरी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचो. शेवटी रेखाच कडाडली, "परीक्षा घेऊन राह्यले काय त्यायची? रोज नापास करता म्हाताऱ्या मानसाले!"

मी विचारणं थांबवलं. मनातलं कुठे थांबतं?

अशात बाबांचे जुने दोस्त नारायणकाका आले. त्यांचा गावाच्या कडेला भाजीपाल्याचा मळा आहे. बाजाराला जाताना वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे टाकून जायचा त्यांचा जुना रिवाज. काका श्रावण वगैरे मानत नाहीत. तोंड गुळगुळीत करून आले होते. बाबांनी सिल्लीवरून मान वर केली, पाहिलं आणि म्हणाले, "नाऱ्या! श्रावनात दाढी केली बे? लाज नाई वाटत?"

मी आणि रेखा जागच्या जागी उभे राहिलो. काकांच्या हातातली पिशवी खाली आली. "खाजवते रे किसना," एवढंच ते बोलू शकले. बाबा पुन्हा दगडाकडे वळले, आणि क्षणात काकाही त्यांच्यासाठी पुसले गेले. पण पुसले गेले ते नंतर. आधी सापडले होते.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला आधी हेवा वाटला. वांगी देणारा आठवतो आणि मी नाही? काकांना ते कळलं असावं. जाताना फाटकाशी म्हणाले, "गजू, तुह्या तोंडावर जंगल हाय. त्यायनं आयुष्यभर तोंडं पायली ते दाढीखालची. पोळा झाला का बस त्यायच्यापुढं. हात फिरू दे तुह्या तोंडावर. हात इसरत नाई."

बुडणाऱ्याला काय, काडीही पुरते. मी ती काडी धरली. दाढीला कात्रीही लावली नाही. दुकानात लोक चेष्टा करायचे की न्हावीच असा फिरतो तर गिऱ्हाईक कशाला येईल. मी दुपारची माझी बाजू आता जीव ओतून घासू लागलो. पात्याचा पत्रा झाला होता, पण धार अशी की दंडावरचा केस नुसता टेकला की तुटायचा. देवाला मी फारसं काही मागत नाही. त्या दिवसांत मात्र रोज मागितलं, की पोळ्यापर्यंत पातं टिकू दे.

रेखाला सांगितलं तेव्हा ती पांढरी पडली. "त्यायच्या हातातून भाकर सुटते, अन् तुमी गळ्यावर वस्तरा फिरवून घेता? डोकं फिरलं काय?"

"फिरलं," मी म्हटलं.

पोळ्याच्या संध्याकाळी वेशीकडून घुंगरांचा आवाज आला. बाबांनी घासणं थांबवलं आणि कान दिला. सकाळी मी उठून पाहतो तर ते आंघोळ करून, टोपी घालून ओसरीत बसलेले. पाट मांडलेला, वाटीत पाणी. "आज लाइन लागन," मला म्हणाले. "बसा भाऊ. तुमचा पयला लंबर."

मी पाटावर बसलो. रेखा दारात उभी राहिली, मुठीत तुरटीचा खडा. बाबांनी ब्रश ओला केला तेव्हा हात थरथरत होता, साबण माझ्या कानात गेला. मी डोळे मिटले. मग डाव्या हाताच्या बोटांनी त्यांनी माझा गाल ताणला, आणि ती थरथर गेली. कुठे गेली कोण जाणे. पातं गालावर टेकलं, खाली आलं. लागलंच नाही. फक्त केस तुटल्याचा बारीक आवाज. त्यांच्या हाताला ओल्या दगडाचा वास होता, तोच. गळ्यावर वस्तरा आला तेव्हा मी श्वास धरला, पण भीतीनं नाही. हे संपू नये म्हणून. एक गाल, दुसरा गाल, हनुवटी. कानाशी जरासं कापलं. "लागलं काय भाऊ?" "नाई."

तोंड मोकळं झालं. मी डोळे उघडले. बाबांनी माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि पाहिलं. पूर्वी पाहायचे तसंच, एकवार, नीट. मी त्यांच्या डोळ्यांत बघत होतो आणि मनात ओरडत होतो, म्हणा, सापडला म्हणा. सापडला, गजू सापडला. एकदाच म्हणा आणि मग विसरा, काही हरकत नाही. त्यांचा अंगठा माझ्या गालावरून हळूच फिरला. कपाळाला आठी पडली, ओठ हलले.

वस्तरा वर आला आणि मिशीपाशी थांबला.

"घरी बाप हाय ना?" बाबांनी विचारलं.

दारात रेखानं तोंडात पदर कोंबला. बाबा थांबले. उत्तर मिळाल्याशिवाय त्यांचा हात कधी पुढे गेला नव्हता, तेव्हाही गेला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा हलक्या आवाजात, जपून, जसं ते सुतकातल्या माणसाला विचारत. "हाय ना? का गेला?"

"हाय," मी म्हटलं. "हाय, बाबा."

"मंग राहू द्या," ते म्हणाले. मिशीला स्पर्श न करता त्यांनी वस्तरा बाजूला घेतला, पुसला, आणि माझ्या खांद्यावर थोपटून दाराकडे पाहत म्हणाले, "चला, दुसरा या."

दुसरं कोणी नव्हतं.

यंदा बाबा ओसरीत बसत नाहीत. खाटेवर असतात. रेखा चमच्यानं पाणी पाजते. तो वस्तरा मी धोकटीत ठेवला आहे, पातं आता दगड सहन करणार नाही. पण बाबांचा उजवा हात गोधडीवर चालू असतो. पुढे रेटतात, उचलतात, मागे आणतात, पुन्हा पुढे. एकाच बाजूनं. दुपारी घरी आलो की मी खाटेशी बसतो आणि तो हात हातात घेऊन मनगट हळूच उलटं फिरवतो, जेवढं जमेल तेवढं. भेटायला येणारे दबक्या आवाजात म्हणतात, आता सुटले तर बरं. त्यांचं चुकत नसेल. मला ते ऐकवत नाही, मी उठून बाहेर जातो.

रोज सकाळी दुकानाचं शटर वर करतो आणि दिवा लावायच्या आधी अंधुक आरशात तोंड बघतो. मिशी आहे.